२५६ बाइटचा संगणक हातानं बांधताना: कॉस्मॅक एल्फ आणि त्याची भावंडं

पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी मासिकाच्या ऑगस्ट १९७६च्या अंकात जोसेफ वाइसबेकर या आरसीए नावाच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतल्या इंजिनिअरनं एका संगणकाची अख्खी कृती छापली. नाव कॉस्मॅक एल्फ. सामानाचा खर्च साधारण ८० डॉलर. त्याच मासिकानं दीड वर्षापूर्वी, जानेवारी १९७५मध्ये, ज्या अल्टेअर ८८००चा गाजावाजा केला होता त्याचा किट ३९७ डॉलरना मिळत होता. एल्फला कीबोर्ड नाही, पडदा नाही, रॉम (प्रोग्राम कायमचा जपणारी मेमरी) नाही. बाइट मांडायला आठ टॉगल स्विच, नियंत्रणाला आणखी तीन, एक बटण, दोन आकड्यांचा डिस्प्ले, एक लाल दिवा आणि २५६ बाइट मेमरी, एवढाच संसार.

हा संगणक आज आपल्या टेबलावर कसा उभा करायचा ते खाली सविस्तर लिहितो. ब्रेडबोर्डवर जोडणी करायची सवय असेल आणि मल्टीमीटर हाताशी असेल तर दोन शनिवार-रविवार पुरतात. माझे चार गेले. का गेले तेही पुढे येईलच.

रॉम नाही, मग सुरू कसा होतो?

डिप्लोमाला ८०८५ या प्रोसेसरचा किट ज्यांनी हाताळलाय त्यांना आठवेल: रीसेट दाबायचं, पत्ता टाकायचा, मग 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' करत कोड भरत जायचं. आपण दाबलेली प्रत्येक कळ वाचणारा एक मॉनिटर प्रोग्राम त्या किटच्या ईप्रॉममध्ये (रॉमचाच एक प्रकार) बसलेला असतो. तो नसेल तर किट म्हणजे हिरवी पाटी. आम्ही दोन सेमिस्टर तो किट वापरला आणि मॉनिटर काय करतो हे एकदाही विचारलं नाही.

एल्फमध्ये असा मध्यस्थच नाही. त्यातल्या आरसीए १८०२ प्रोसेसरला क्लिअर आणि वेट असे दोन पाय आहेत आणि त्यांच्या चार जोड्यांतून चार अवस्था मिळतात (वर म्हणजे ५ व्होल्ट, खाली म्हणजे शून्य). क्लिअर खाली, वेट वर: रीसेट. दोन्ही खाली: लोड. दोन्ही वर: रन. क्लिअर वर, वेट खाली: पॉझ. सगळी जादू लोडमध्ये आहे. या अवस्थेत प्रोसेसर कोणतीही सूचना पाळत नाही, डीएमएची, म्हणजे मेमरीत थेट बाइट टाकण्याच्या मागणीची, वाट बघत बसतो. डीएमए-इन हा पाय क्षणभर खाली ओढला की बसवर (डेटाच्या आठ सामाईक तारांवर) जो बाइट असेल तो मेमरीत जातो आणि पत्ता आपोआप एकानं पुढे सरकतो. पत्ता सांभाळतो तो १८०२च्या १६ रजिस्टरांपैकी (प्रोसेसरच्या पोटातल्या आकडे ठेवायच्या कप्प्यांपैकी) शून्य क्रमांकाचा. रीसेटनंतर तो शून्यावर असतो, म्हणून पहिला बाइट पहिल्याच घरात पडतो.

म्हणजे आठ स्विचवर आकडा मांडायचा, बटण दाबायचं, पुढचा मांडायचा, पुन्हा दाबायचं. स्विच लावून बाइट भरायची सोय अल्टेअरलाही होती, पण तिच्यासाठी समोरच्या पॅनेलमागे बरीच वेगळी जोडणी होती. इथे ते काम प्रोसेसरच्या पोटातच केलेलं आहे. एल्फ स्वस्त पडला तो याच्यामुळे, आणि आज शिकायला बांधायचा तर हाच का, याचं उत्तरही हेच.

सामान

मूळ एल्फमध्ये २१०१ जातीच्या, प्रत्येकी २५६ गुणिले ४ बिटांच्या दोन मेमरी चिप होत्या. त्या शोधत हिंडू नका. ६२२५६ ही ३२ हजार बाइटची स्टॅटिक रॅम घ्या आणि तिचे वरचे सात पत्ते जमिनीला (ग्राउंडला) बांधून तिला २५६ बाइटची करा. ३२ हजार घरं हाताशी असताना २५६ वापरायची म्हणजे जिवावर येतं, कबूल. तरी पहिल्या फेरीत हेच करा. १८०२ हा पत्त्याचे वरचे आठ आणि खालचे आठ बिट एकाच आठ तारांवरून पाठोपाठ पाठवतो. २५६ बाइटपुरतं बघायचं तर वरच्या भागाकडे दुर्लक्ष चालतं आणि एक अख्खी आयसी वाचते.

मूळ डिस्प्लेही आता महाग पडतात. त्यांच्या जागी आठ एलईडी आणि ७४एचसी५७३ हा लॅच (आलेला आकडा धरून ठेवणारी आयसी) लावा. दिव्यांवरून आकडा वाचायला दोन दिवस जड जातं, मग डोळा बसतो.

बाकी यादी: १८०२ (शक्यतो सीडीपी१८०२ए, त्यातला सी आणि ई अक्षरांचा साधा प्लॅस्टिकवालाही चालेल), ७४एचसी०० (नँड गेट) दोन, ७४एचसी१३८ (डीकोडर) एक, स्विचसाठी ७४एचसी५४१ (बफर) एक, सीडी४०१३ (एकेक बिट धरून ठेवणारा फ्लिप-फ्लॉप) एक. आठ टॉगल स्विच, आणि आणखी तीन: लोड, रन आणि मेमरी प्रोटेक्ट. एक तीन टोकांचं पुश बटण. १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, १० मेगाओहमचा एक रेझिस्टर, २२ पीएफचे दोन कॅपॅसिटर, प्रत्येक आयसीसाठी एक '१०४' (०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर), आणि १० केचे रेझिस्टर मूठभर. ७४एलएस मालिका घरात पडून असेल तर मोह टाळा. १८०२ सीमॉस (कमी वीज खाणाऱ्या) जातीचा आहे, त्याच्याशी एचसीचं छान जमतं.

१८०२ सोडून बाकी सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. टॉगल स्विच मात्र हातात घेऊन, खटखट करून घ्या. स्वस्तातला डिप स्विचही चालतो, पण शंभर बाइट भरल्यावर नखं सांगतात आपण काय वाचवलं ते.

आधी चिप तपासा

१८०२ बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो आणि तिथे जुन्या चिप घासून, वर नवं नाव छापून विकायचा धंदा जोरात आहे. एका विक्रेत्याकडून मी तीन मागवल्या. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर एकीचं छापील नाव बोळ्यावर आलं आणि खाली भलताच नंबर निघाला. उरलेल्या दोन चालल्या.

तपासणीसाठी मेमरी लागत नाही. १८०२ पूर्ण स्टॅटिक आहे, म्हणजे घड्याळ कितीही हळू केलं तरी तो काही विसरत नाही. याचा फायदा घ्यायचा. ५५५ टायमरवर १० के, ८२ के आणि १ मायक्रोफॅरड लावून साधारण ८ हर्ट्झचे ठोके तयार करा आणि ते पाय १वर द्या. पाय ३९ मोकळा सोडा. पाय ४० आणि पाय १६ दोन्हींना ५ व्होल्ट, पाय २० जमिनीला. पाय १६ पुष्कळ जण विसरतात. तो बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या भागाचा वेगळा वीजपुरवठा आहे. तो दिला नाही तर चिप मेल्यासारखी वागते.

आता डेटा बसवर ४.७ केचे रेझिस्टर लावून कायमचा सी४ हा आकडा मांडा. (सोळाच्या पायाच्या अंकांत ए म्हणजे १० आणि तसंच पुढे एफ म्हणजे १५. सी४ म्हणजे ११०० ०१००.) बस ७, ६ आणि २ या तारा वर, बाकीच्या खाली. डीएमए-इन (पाय ३८), डीएमए-आउट (३७), इंटरप्ट (३६) आणि ईएफ१ ते ईएफ४ (बाहेरची स्थिती प्रोग्रामला कळवणारे पाय, २४ ते २१) सगळे वर बांधा. क्लिअर, वेट दोन्ही वर.

सी४ म्हणजे 'काही करू नको'. एका यंत्रचक्राला आठ ठोके लागतात, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण सेकंदाला एक चक्र. या सूचनेला तीन चक्रं लागतात: एक आणण्याचं, दोन पाळण्याची. पाय ६ म्हणजे एससी०, प्रोसेसर काय करतोय ते सांगणाऱ्या दोन पायांपैकी एक (दुसरा एससी१). त्यावर बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावून एलईडी जोडा. एक सेकंद विझलेला, दोन सेकंद पेटलेला, पुन्हा एक सेकंद विझलेला. पाय ३३वर, म्हणजे टीपीबीवर, दर चक्राला एक छोटी उघडझाप. प्रोसेसर सूचना उचलतोय आणि पाळतोय हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मी हे पंधरा मिनिटं बघत बसलो होतो. घरच्यांना एक दिवा लुकलुकताना दिसत होता.

बांधणी

चिप लावता-काढताना वीज बंद. सीमॉस आहे, कोरड्या हिवाळ्यात बोटातल्या स्थिर विजेनंसुद्धा जाते. पुरवठा ७८०५चा किंवा मोबाइल चार्जरचा ५ व्होल्ट.

पहिली पायरी घड्याळ आणि अवस्था. क्रिस्टल पाय १ आणि ३९च्या मध्ये, त्याला समांतर १० मेगाओहम, दोन्ही टोकांकडून २२ पीएफ जमिनीला. रन स्विच क्लिअरला (पाय ३): १० केनं वर ओढलेला, स्विच 'बंद' असताना जमिनीला टेकलेला. लोड स्विच वेटला (पाय २): १० केनं वर, स्विच 'चालू' केला की जमिनीला. दोन्ही स्विच बंद ठेवले की रीसेट मिळतो. एवढ्या दोन तारांत कंट्रोल पॅनेल संपलं.

दुसरी पायरी मेमरी. पत्त्याच्या तारा सरळ आहेत: १८०२च्या पाय २५ ते ३२वर एमए० ते एमए७, त्या ६२२५६च्या पाय १० ते ३वर उतरत्या क्रमानं. वरचे पत्ते (६२२५६चे पाय २५, २४, २१, २३, २, २६, १) जमिनीला. डेटाच्या तारांत मात्र सापळा आहे. १८०२वर पाय ८ म्हणजे बस ७ आणि पाय १५ म्हणजे बस ०. क्रम उलटा. मेमरीकडे पाय ११, १२, १३ आणि मग १५ ते १९ अशा डी० ते डी७ सुलट्या. घाईत उलट्या जोडल्या तर गंमत अशी होते की मेमरी तरीही ठीक चालते, कारण उलटं लिहिलेलं उलटंच वाचलं जातं. पण स्विच आणि दिवे जोडताना गोंधळ उडतो. प्रत्येक तारेवर कागदी चिठ्ठी लावा.

मेमरीचा पाय २० (निवड) जमिनीला, पाय २२ (वाचन) १८०२च्या एमआरडीला म्हणजे पाय ७ला. पाय २७ (लेखन) एमडब्ल्यूआरला म्हणजे पाय ३५ला, पण थेट नको. मध्ये मेमरी प्रोटेक्टचा स्विच टाका आणि मेमरीच्या बाजूनं १० केनं वर ओढा. स्विच तोडला की लिहिणं बंद, वाचणं चालू.

तिसरी पायरी बटण. नुसतं बटण दाबलं तर त्याची पट्टी उड्या मारते आणि एका दाबात पाच बाइट भरले जातात. म्हणून ७४एचसी००मधली दोन नँड गेट एकमेकांत अडकवून लॅच करा, तीन टोकांच्या बटणाची दोन टोकं त्यांना द्या. बटण दाबल्यावर जो निर्गम (आउटपुट) वर जातो तो ४०१३च्या क्लॉकला, जो खाली जातो तो ईएफ४ला (पाय २१). ४०१३चा उलटा निर्गम डीएमए-इनला. आणि ४०१३चा रीसेट १८०२च्या एससी१ला, म्हणजे पाय ५ला. ही तार मला फार आवडते. प्रोसेसर डीएमएचं काम हातात घेतो तेव्हा एससी१ वर जातो, आणि तोच मागणी पुसून टाकतो. 'आलो, आता दार वाजवू नका' म्हटल्यासारखं. त्यामुळे एका दाबाला नेमका एकच बाइट.

४०१३च्या डी पायाला क्लिअरचा उलटा द्या (एक नँड), म्हणजे प्रोग्राम चालू असताना बटण दाबलं तरी मेमरीत घुसखोरी होणार नाही. ४०१३च्या वापरात नसलेल्या अर्ध्या भागाचे सगळे प्रवेश (इनपुट) जमिनीला बांधा.

चौथी पायरी स्विच. प्रत्येक टॉगलचं टोक १० केनं खाली ओढलेलं, चालू केल्यावर ५ व्होल्टला. आठही ७४एचसी५४१मधून बसवर. हा बफर कधी उघडायचा? एमआरडी वर असताना, आणि त्याच वेळी एन२ (पाय १७, कोणत्या उपकरणाशी बोलायचं ते सांगणाऱ्या तीन तारांपैकी एक) किंवा एससी१ वर असताना. पहिली गोष्ट स्विच वाचण्याच्या सूचनेसाठी, दुसरी लोडसाठी. एन२ आणि एससी१ यांचा 'किंवा' तीन नँडमधून होतो, चौथं नँड त्याला एमआरडीशी जोडून ५४१च्या दोन्ही ओई पायांना (बफर उघडणाऱ्या) देतं.

पाचवी दिवे. ७४एचसी१३८च्या निवडीच्या तीन पायांना अनुक्रमे एन०, एन१, एन२ (पाय १९, १८, १७), सुलट सक्षमला टीपीबी, उलट सक्षमपैकी एकाला एमआरडी, दुसरा जमिनीला. त्याचा चौथा निर्गम (वाय४) आणि क्लिअर ही दोन टोकं शेवटच्या नँडला आणि तिथून ५७३च्या एलईला (लॅच उघडणाऱ्या पायाला). रीसेट आणि लोडमध्ये दिवे बसवर जे असेल ते दाखवतात, रनमध्ये फक्त प्रोग्रामनं पाठवलेलं धरून ठेवतात. नँडची मोजणी करा: लॅचला दोन, उलट करायला एक, बफरला चार, दिव्यांना एक. आठ. दोन ७४एचसी०० तंतोतंत भरतात. हे जमलं तेव्हा मी उगाचच चहा करून घेतला.

शेवटी क्यू, म्हणजे पाय ४. हा प्रोसेसरचा स्वतःचा एक बिटाचा निर्गम. ताकद कमी आहे, थेट एलईडी लावू नका. १० के, बीसी५४७ आणि ४७० ओहम.

पहिला बाइट

दोन्ही स्विच बंद. रीसेटमध्ये १८०२ बसवर शून्य ठेवतो, म्हणून आठही दिवे विझलेले हवेत. एखादा पेटलेला असेल तर पुढे जाऊ नका, ती तार आधी शोधा.

लोड वर करा. दिव्यांवर काहीतरी अगम्य आकडा येईल. मेमरीत सुरुवातीला कचराच असतो. मेमरी प्रोटेक्टचा स्विच लिहू देणाऱ्या बाजूला. टॉगलवर ०१११ १०११ मांडा, म्हणजे ७बी. बटण दाबा. दिव्यांवर ७बी दिसलं पाहिजे. मग ३०, बटण. मग ०१, बटण. लोड खाली, रन वर. क्यूचा दिवा पेटला? ७बी म्हणजे 'क्यू पेटव', ३० ०१ म्हणजे 'पत्ता १वर जा', आणि तिथे पुन्हा हीच उडी. तीन बाइटांचा प्रोग्राम झाला.

आता बटणाला प्रतिसाद देणारा: ७ए ३एफ ०० ७बी ३० ०१. ७ए क्यू विझवतो. ३एफ ०० म्हणजे बटण दाबलेलं नसेल तर पत्ता शून्यावर परत. दाबलं की क्यू पेटतो, सोडलं की विझतो. तार जोडूनही हेच झालं असतं, पण इथे ते सॉफ्टवेअर करतंय.

मग लुकलुकणारा: ७ए एफ८ १० बी१ २१ ९१ ३ए ०४ ३१ ०० ७बी ३० ०१. यात एफ८ १० ही विलंबाची चावी. १० हा आकडा रजिस्टर १च्या वरच्या भागात जातो, २१ त्यातून एक एक वजा करतो, ९१ वरचा भाग तपासायला काढतो, ३ए ०४ तो शून्य होईपर्यंत मागे उडी मारतो. या तीन सूचनांना मिळून ४८ ठोके, फेऱ्या साधारण ४०९६. १.८४३२ मेगाहर्ट्झला म्हणजे जवळपास ०.१ सेकंद. १०च्या जागी ४० टाकलं तर ०.४ सेकंदाच्या वर जातं. इतका साधा हिशेब पडताळून बघता येणारे संगणक आता फार उरलेले नाहीत.

स्विच वाचून दिव्यांवर दाखवणारा: ९० बी१ एफ८ २० ए१ ई१ ६सी ६४ २१ ३० ०६. ६सी स्विच वाचून मेमरीत ठेवतो, ६४ तेच दिव्यांना पाठवतो आणि पत्ता पुढे ढकलतो, २१ तो मागे आणतो. सुरुवातीचे ९० बी१ या २५६ बाइटच्या एल्फला नकोत. पुढे मेमरी वाढवाल तेव्हा वरचा पत्ता शून्य करायला लागतील, म्हणून सवय आत्ताच.

भरलेलं तपासायचं असेल तर रीसेट, मेमरी प्रोटेक्ट चालू, लोड वर, आणि बटण दाबत जा. लिहिणं बंद असल्यामुळे स्विचवर काहीही असलं तरी मेमरीतलाच बाइट दिव्यांवर येतो. चुकलेल्या बाइटच्या आधीच्या घरापर्यंत असंच जायचं, मग प्रोटेक्ट काढून तेवढाच बदलायचा.

माझे चार शनिवार-रविवार कुठे गेले

एक अख्खी सुट्टी मेमरी प्रोटेक्टनं खाल्ली. तपासून झाल्यावर स्विच तसाच ठेवला आणि वर दिलेला स्विच-दिव्यांचा प्रोग्राम चालवला. ६सी मेमरीत लिहितो. लिहिणं बंद, त्यामुळे दिव्यांवर कायम एकच जुना आकडा. मी ५४१ बदलला, १३८ बदलला, सगळ्या तारा उपटून पुन्हा लावल्या. शेवटी चुकून कोपर लागून स्विच पडला आणि दिवे जिवंत झाले.

दुसरी मोकळ्या पायांनी. इंटरप्ट वर बांधायचा राहिला होता. रीसेटनंतर १८०२ इंटरप्टला दार उघडं ठेवतो, त्यामुळे हवेतला पाय हलला की प्रोसेसर रजिस्टर १कडे पळायचा. लक्षण असं की बोर्डाजवळ हात नेला की प्रोग्राम बिघडतो. हात नेल्यानं काही बदलत असेल तर मोकळा सीमॉस पाय शोधा, दुसरीकडे बघूच नका.

एका दाबात दोन बाइट जात असतील तर लॅच किंवा एससी१ची तार. काहीच जात नसेल तर क्लिअर खाली असताना ४०१३च्या डीवर ५ व्होल्ट येतात का ते बघा. चालू केल्यावर १८०२ गरम लागला तर ताबडतोब वीज काढा. हा प्रोसेसर अगदी थोडक्या विजेवर चालतो, त्याला गरम व्हायचं कारणच नाही. आणि क्रिस्टल रुसला असेल तर तपासणीतला ५५५ परत आणा. ८ हर्ट्झला पूर्ण एल्फ चालतो, आणि चूक कुठल्या चक्रात होते ते दिसतं.

भावंडं

एल्फची कृती छापून आल्यावर तयार किट विकणारे लगेच पुढे आले. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या नेट्रॉनिक्सचा एल्फ २ हा त्यातला नावाजलेला, ९९.९५ डॉलरचा. मेमरी तेवढीच, २५६ बाइट, पण टॉगलऐवजी सोळा अंकांचा कळफलक, टीव्हीसाठी चित्रचिप बोर्डावरच, आणि जोड-बोर्डांसाठी ८६ टोकांच्या पाच खाचा. कॅलिफोर्नियातल्या क्वेस्टचा सुपर एल्फही कळफलकाचाच, पण त्यात एकेक पाऊल चालवायची सोय आणि अवस्था दाखवणारे दिवे. कोणाकडे जुना मिळाला आणि शिकायला हवा असेल तर मी सुपर एल्फ निवडेन, त्या एका पावलाच्या सोयीसाठी.

आरसीएनं स्वतः १९७७मध्ये कॉस्मॅक व्हीआयपी काढला, तोही वाइसबेकर यांचाच. २ हजार बाइट मेमरी आणि छोटा मॉनिटर रॉममध्ये. त्याच्यासोबत आलेली चिप-८ ही भाषा ५१२ बाइटांत मावते आणि आजही लोक तिच्यासाठी खेळ लिहितात. चिप-८चे प्रोग्राम पत्ता ०२००पासून का सुरू होतात असा प्रश्न पडला असेल, तर हे त्याचं कारण: त्याखालचे ५१२ बाइट तिच्या दुभाष्यानं अडवलेले. पण व्हीआयपीत रॉम आला आणि आपण पुन्हा ८०८५च्या किटवर पोचलो. वापरायला सुखाचा, समजायला एक पायरी दूर. फिनलंडचा टेलमॅक १८०० याच घराण्यातला.

सध्या मिळणाऱ्यांत १८०२ मेंबरशिप कार्ड हा किट मूळ स्वभावाच्या सगळ्यात जवळ आहे. टॉगल, दिवे, आणि अख्खा संगणक पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीत मावणारा. ब्रेडबोर्डचा कंटाळा असेल तर सरळ तो सोल्डर करा.

जाता जाता: हाच प्रोसेसर गुरूकडे १९८९मध्ये निघालेल्या गॅलिलिओ यानात होता. व्हॉयेजरमध्येही होता असं जागोजागी लिहिलेलं सापडतं, ते चूक आहे. व्हॉयेजर १९७७मध्ये सुटलं आणि त्यातले संगणक वेगळ्याच घडणीचे.

मेमरी आणि पडदा

वाढवायचं झालं तर आधी मेमरी. आणखी एक ७४एचसी५७३ घ्या, त्याचे प्रवेश एमए० ते एमए७ला, एलई टीपीएला (पाय ३४), आणि निर्गम ६२२५६च्या आतापर्यंत जमिनीला बांधलेल्या सात पायांना. टीपीएच्या ठोक्याला पत्त्याचा वरचा भाग त्यात अडकतो. आठवा निर्गम मेमरीच्या पाय २०ला दिला की खालचे ३२ हजार बाइट रॅमचे आणि वरचे पुढे रॉम लावायला मोकळे.

पडदा मात्र उशिरा घ्या. एल्फच्या लेखमालेत जुलै १९७७मध्ये सीडीपी१८६१ ही चित्रचिप आली, 'पिक्सी' नावानं ओळखली जाणारी. ती आता दुर्मीळ आहे. हौशी लोक प्रोग्रॅमेबल लॉजिकवर तिची नक्कल बनवतात. शिवाय तिला १.७६ मेगाहर्ट्झच्या आसपासचं घड्याळ लागतं, म्हणजे आपला क्रिस्टल बदलावा लागतो. कारण दर ओळीला नेमकी १४ यंत्रचक्रं बसली पाहिजेत, आणि त्यातल्या आठ चक्रांत प्रोसेसर आपलं काम सोडून डीएमएनं आठ बाइट पडद्याकडे पाठवतो. चित्र सेकंदाला ६० वेळा येतं, त्यामुळे ५० हर्ट्झच्या आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर ते वर-खाली सरकू शकतं. मागचं उभं नियंत्रण फिरवून बघा.

चित्र ६४ ठिपके रुंद आणि ३२ उंच. गुणाकार केला तर २०४८ बिट, म्हणजे २५६ बाइट. साध्या एल्फची सगळी मेमरी तेवढीच, त्यामुळे पडद्यावर येते ती अख्खी मेमरी. वरच्या ओळींत पांढऱ्या ठिपक्यांची जी वेडीवाकडी रांगोळी दिसते तो बिघाड समजून तारा उपटायला घेऊ नका. तुम्ही टॉगलवरून भरलेला प्रोग्राम आहे तो. त्यातला एखादा ठिपका सतत थरथरताना दिसला, तर त्या घरात प्रोग्राम आत्ता लिहितोय.